जिवंत वैमानिकाचं तेरावं

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि माझे सख्खे चुलते श्रीमान पद्मनाभराव, मद्रासहून या उन्हात मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, निवृत्त न्यायमूर्ती शंकरनारायणराव, त्यांच्या पत्नी सौभाग्यवती विशालाक्षीबाई, आपल्या समाजाचे चिटणीस गुरुमूर्तिराव, कुंभकोणम्, तिरुविडैमरुदूर आणि मरुदानल्लूर इथून जमलेले थोर-लहान मराठी बांधव, समस्त भगिनी, आणि मागच्या खांबाआड, स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेल्या माझ्या पत्नी, सौभाग्यवती कृष्णवेणी.

शेवटचं नाव घेतल्यावर पहिल्या रांगेत कुजबुज झाली ती मला ऐकू आली. सौभाग्यवती हा शब्द माझ्या तोंडून चुकून निघालेला नाही. आज मी जे काही बोलणार आहे ते त्या एका शब्दाबद्दल आहे. तेव्हा ज्यांना कॉफी घ्यायची असेल त्यांनी आत्ता घेऊन यावी, मी थांबतो.

कोणी उठत नाही. बरं.

प्रथम आपण माझा जो सत्कार केलात त्याबद्दल रीतीप्रमाणे आभार मानतो. शाल छान आहे. इथल्या कासारांनी घडवलेलं पितळी विमानही छान आहे. त्याचा पंखा शेपटीला लावलाय एवढंच, पण ज्यांनी विमान जवळून पाहिलं नाही त्यांना दोष कसा द्यावा? मी पुढल्या आठवड्यापासून बंगळूरला उड्डाणविद्या शिकवायला जातोय हे आपण वर्तमानपत्रात वाचलंत, आणि मग मी याच गावात इतकी वर्षं बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करत राहतो हेही आपल्याला आठवलं. माझ्या बोलण्यात अधूनमधून पुण्याची मराठी डोकावते असं गुरुमूर्तिराव म्हणाले. खरं आहे. अंबाल्याच्या छावणीत एका पुणेकराच्या खोलीत राहिलो, त्याचा तो परिणाम. त्याला आपली मराठी ऐकून पणजोबांशी बोलल्यासारखं वाटायचं.

आता माझ्या पराक्रमाकडे वळतो. माझ्याआधी जे बोलले त्यांनी मला वीर म्हटलं, गरुड म्हटलं, मातृभूमीचा सुपुत्र म्हटलं. गुरुमूर्तिराव, सुपुत्र आपण म्हणालात ना? एकेचाळीस साली मी हवाई दलात नाव घातलं तेव्हा आपण खादीची टोपी घालून कॉलेजच्या फाटकाशी उभे होता. मला पाहून काय म्हणाला होता? "गोऱ्याचा चाकर चालला पाहा," असं म्हणाला होता. त्याच आठवड्यात काकांनी घरच्या ओसरीवर चार लोकांसमोर सांगितलं, की परक्या पंक्तीला जेवणारा, शेंडी कापणारा पोरगा माझ्या भावाचा नव्हे. एका आठवड्यात मी देशाचाही वैरी झालो आणि धर्माचाही. दोन्ही बाजूंचं एकमत झालेलं या गावाने तेव्हाच एकदा पाहिलं असेल.

मी का गेलो? मला कोणी बोलावलं नव्हतं. सक्ती नव्हती, मी आपण होऊन गेलो. साम्राज्यासाठी गेलो नाही, आणि आज आपण सांगता तसा देशासाठीही गेलो नाही. मद्रासला शिकत होतो तेव्हा एकदा समुद्रकाठी एक विमान वाळूला लागेल इतक्या खालून गेलं. चालवणाऱ्याचं डोकं मला दिसलं. ते आपल्याला करायचंय असं वाटलं, एवढंच. माझ्या वडिलांनी मृत्यूपूर्वी परवानगी दिली. कृष्णवेणीला विचारलं तर तिने एवढंच विचारलं, "वरून कावेरी दिसतें का?" दिसते. दिसते, आणि फार सुंदर दिसते.

सात जपानी विमानं मी पाडली असं मघाशी सांगण्यात आलं. न्यायमूर्ती बसलेत, म्हणून हे दुरुस्त करायला हवं. मी एकही पाडलं नाही. माझं काम टेहळणीचं. हरिकेन विमान घेऊन झाडांच्या शेंड्यांवरून जायचं, रस्ते पाहायचे, पूल पाहायचे, नदीत होड्या कुठे दडवल्यात ते पाहायचं, आणि परत येऊन सांगायचं. खालून गोळ्या येत. कधी आपल्यालाही खाली गोळ्या झाडाव्या लागत, आणि ज्यांच्यावर झाडल्या ती माणसं पळताना दिसत. त्याबद्दल मला कोणी वीर म्हटलेलं चालत नाही. भीती वाटायची का, असं एका विद्यार्थ्याने विचारलं. वाटायची. तोंड कोरडं पडायचं आणि परतल्यावर पाण्याचा पेला धरताना दात त्यावर वाजायचे.

लढाऊ वैमानिकाला सारखं मागे वळून पाहावं लागतं, शत्रू मागूनच येतो. त्याने मानेला कॉलर घासून कातडी सोलते, म्हणून गळ्यात रेशमी रुमाल बांधतात. माझा रुमाल कृष्णवेणीने पाठवला होता. लग्नातल्या साडीचा पदर कापून, कडा शिवून. इथल्या मागावरचं रेशीम, त्याला तोड नाही. माझ्या तुकडीतले सगळे हेवा करत. पण इथे काय झालं? साडीचा पदर कापलेला एका बाईने पाहिला आणि रस्ताभर झालं, की हिने आपल्या हाताने आपलं सौभाग्य कापलं. त्या बाई आज दुसऱ्या रांगेत आहेत. नाव घेत नाही, त्या मान खाली घालून बसल्याच आहेत.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात ब्रह्मदेशच्या सीमेवर, डोंगरात, माझ्या इंजिनाला गोळी लागली. एका ओढ्याच्या वाळूत विमान उतरवलं. उतरवलं म्हणजे आपटलं. मांडीचं हाड मोडलं. डोंगरातल्या लोकांनी मला ओढून नेलं आणि जपानी गस्त जाईपर्यंत भाताच्या कोठीत दडवलं. मग पावसाळा लागला. वाटा बंद झाल्या. मला बांबूच्या खपच्या बांधून पडून राहावं लागलं. त्या घरातली म्हातारी मला भरवायची. काय भरवायची? अध्यक्ष महाराज, आपण हा प्रश्न मला परत आल्यावर विचारला होतात आणि मी उत्तर दिलं नव्हतं. आज देतो. जे होतं ते सगळं खाल्लं. डुक्करही खाल्लं. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची येत नव्हती. पण रोज सकाळी ती माझ्या नाकाशी हात धरून पाहायची, आणि श्वास लागला की हसायची. मी जिवंत आहे याचा तिला आनंद व्हायचा. हे लक्षात ठेवा, कारण आता मी आपल्या रस्त्यावर येतोय.

इथे तार आली. तारेत मी बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं. घरात इंग्रजी वाचता येणारी एक कृष्णवेणी. तिने ती वाचली आणि सांगितलं, "तारेंत मेला म्हणून नाहीं. सांपडला नाहीं म्हणून आहे. अजून शोधतात म्हणून आहे." काकांनी तार पाहिली, घडी घातली आणि वाध्यारांना, म्हणजे आपल्या पुरोहितांना, बोलावलं.

पाहुणे विचारतील, की घाई कसली होती? बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहा असं शास्त्र सांगतं. बारा वर्षं. पण शास्त्राला काकांच्या मुलीचं लग्न ठाऊक नव्हतं. माझी चुलत बहीण लक्ष्मीदेवी, तिचा मुहूर्त ठरला होता, मुलगा तंजावरचा, स्थळ मोठं. आणि काकांना पेच पडला. ऐन लग्नात, मांडवात, दुसरी तार आली आणि तिच्यात मी मेल्याचं पक्कं निघालं तर? घराला सुतक. मुहूर्त गेला. स्थळ गेलं. मग वाध्यारांनी वाट काढली. ते बोल कृष्णवेणीने दाराआडून ऐकले, म्हणून शब्दन्शब्द सांगतो. "संशय कशाला ठेवतां? आधींच मेला म्हणून घ्या. सुतक आत्तां धरूं, संपवूं, आणि मग निर्धास्तपणें लग्न करूं."

जगात कुठे असं झालंय? लग्नाला अडचण नको म्हणून माणसाला आधीच मारून ठेवायचं. जपान्यांना जमलं नाही ते आपण एका बैठकीत उरकलंत.

पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माझा पुतळा केला. तो कावेरीच्या घाटावर नेऊन जाळला. कोणी तरी सांगितलं, की पुतळा माझ्याहून बुटका झाला होता. दहावा झाला, तेरावं झालं, ब्राह्मण जेवले. या सभागृहातले बरेचजण त्या पंक्तीला होते. आज पुन्हा माझ्याच निमित्ताने जेवायला जमलात. मेन्यू तेव्हाचा बरा होता असं माझ्या एका मित्राचं मत आहे.

दहाव्याला न्हावी आला. हे कृष्णवेणीने मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी सांगितलं नाही. ती एकवीस वर्षांची होती. तिचे केस गुडघ्यापर्यंत येत. ती म्हणाली, मी विधवा नाही. म्हणतच राहिली. शेवटी चौघींनी हात धरले, आणि काकींनी, वेंकटलक्ष्मीकाकींनी, डोकं धरलं. डोकं घट्ट धरलं म्हणून वस्तरा लागला नाही, हेही खरं आहे, आणि हेही मी विसरलेलो नाही. नंतर तिला विधवेचं लाल आलवण नेसवलं, आणि आपल्या घराच्या लग्नात तिला मागच्या खोलीत कोंडलं, कारण तिचं तोंड नवरीला दिसलं असतं. लग्न निर्विघ्न पार पडलं. दुसरी तार आलीच नाही.

पाऊस सरल्यावर आपलं सैन्य पुढे आलं आणि मी सापडलो. इस्पितळात महिने गेले. पत्रं लिहिली ती काकांच्या पत्त्यावर लिहिली, त्यांचं काय झालं ते काकांना विचारा. मी विचारलेलं नाही. मग एका सकाळी काठी टेकत आपल्या रस्त्यात शिरलो. दारं लागत गेली. रांगोळी घालणाऱ्या बायका रांगोळी टाकून आत पळाल्या. घराशी पोचलो तर काका ओसरीवर उभे. घरचा मुलगा युद्धातून परत आला, त्याला ते काय म्हणाले? "पुढल्या दारानें येऊं नको. तुझें सगळें होऊन गेलें आहे."

मी मागल्या दाराने गेलो. विहिरीशी एक डोकं भादरलेली बाई पाणी ओढत होती. मी तिला विचारणार होतो, की कृष्णवेणी कुठे आहे.

न्यायमूर्ती, पेला पुढे करू नका. सोडा नको, असू द्या.

नंतरचा भाग हसण्यासारखा आहे, तेव्हा हसा. तेरावं झालेला माणूस परत आला तर काय करायचं याचंही शास्त्र आहे. त्याने पुन्हा जन्म घ्यायचा. त्याला तुपाच्या हंड्यात घालून काढायचं, नाळ कापल्याचं करायचं, पाळण्यात घालून नाव ठेवायचं, मुंज करायची आणि त्याच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. मी सत्तावीस वर्षांचा, पाय लंगडा, आणि मला पाळण्यात घालायला निघाले. मी तयार झालो. होय, मी हरिकेन चालवणारा माणूस तुपात बसायला तयार झालो, कारण एवढ्याने तिचं सगळं परत मिळत असेल तर तूप काय आणि चिखल काय. वाध्यारांनी हंडा आणला. तेव्हा कृष्णवेणी दारात येऊन उभी राहिली, तशीच, आलवण नेसून, आणि म्हणाली, "माझें लग्न एकदां झालें आहे. तें मोडलें नाहीं. पुन्हां कशाला करूं? चूक तुमची, आणि जन्म ह्यांनीं घ्यायचा का?"

हंडा परत गेला. त्या दिवसापासून तिने पुन्हा काठाची साडी नेसली, कुंकू लावलं, केस वाढवले. आणि त्या दिवसापासून आपण तिला वाळीत टाकलं.

मला मात्र टाकलं नाहीत, ही गंमत पाहा. डुक्कर मी खाल्लं. शेंडी मी कापली. मेलो मी होतो. पण दोन वर्षांत स्वराज्य आलं, आपल्या झेंड्याची विमानं डोक्यावरून गेली, आणि मला पंक्तीला बोलावणी येऊ लागली. माझ्या तेराव्याचं कोणाला आठवेना. तिचं भादरलेलं डोकं मात्र आठवतं. श्रावणातल्या शुक्रवारी रस्त्यातल्या प्रत्येक घरी हळदी-कुंकू होतं, आणि कुंकवाचं ताट आमच्या दारावरून पुढे जातं. लग्नात अक्षता वाटताना तिचा हात रिकामा राहतो. आमच्या मुलीच्या बारशाला या रस्त्यातली एकही सुवासीण आली नाही, नाव मीच ठेवलं. आपल्या हिशेबी मी परत आलो, ती आली नाही. दहा वर्षं मी एका विधवेचा नवरा आहे.

मग आज मी इथे का आलो? कारण गुरुमूर्तिराव घरी आले. म्हणाले, सत्कार सपत्नीक आहे, पाहुण्यांसमोर वहिनींची ओटी भरू, जाताना सगळं गोड करू. मी कृष्णवेणीला म्हटलं, चल. ती नको म्हणत होती. मी आग्रह केला. मला वाटलं, हे गाव सोडण्यापूर्वी एकदा, एकदाच, या लोकांनी आपल्या हाताने तिच्या कपाळाला कुंकू लावावं.

आणि काय झालं? दाराशी कुंकू लावत होत्या त्या बाई तिला पाहून ताट दुसरीच्या हातात देऊन आत गेल्या. दुसरीही गेली. तिला बसायला जागा दाखवली ती खांबाआड, जिथे या समाजातल्या विधवा बसतात. मला एकट्याला वर बोलावलं. आणि शाल दिल्यावर चिटणीसांनी खण-नारळाचं तबक दिलं ते माझ्या हातात. कानात म्हणाले, "घरीं द्या तुम्हीच." म्हणजे सत्कार झाला, पाहुण्यांना दिसलं, आणि कोणाचा हातही विटाळला नाही. गुरुमूर्तिराव, डोकं चांगलं चालवलंत. बायकोची ओटी नवऱ्याने भरायची हे मी आज प्रथम पाहतोय.

हे तबक मी इथे टेबलावर ठेवतो. शाल काढून त्याच्यावर ठेवतो. हारही. यांतलं काही मी नेणार नाही. नेईन तर एका अटीवर. या रस्त्यातली, या समाजातली एक सुवासीण उठू दे. तिने दाराशी होतं ते कुंकवाचं ताट घेऊन खांबाआड जावं. जास्त काही मागत नाही.

विशालाक्षीबाई, आपण उठू नका. आपलं मन मोठं आहे, ते मला दिसलं. पण आपण मद्रासच्या. आपण लावलेलं कुंकू यांना सोयीचं होईल. ज्यांनी पुसलं त्यांच्यापैकी कोणी तरी हवं.

मी थांबतो. आम्हाला गाडी आहे, पण मी थांबतो.

इतक्या सुवासिनी, आणि सगळ्यांना आपापल्या साडीचे काठच पाहायचेत. असो. मला उत्तर मिळालं. तेव्हा अध्यक्षांच्या परवानगीने मी माझे दोन शब्द

काकी. बसा काकी, आपले गुडघे दुखतात.

अध्यक्ष महाराज, त्यांना खाली बसा म्हणून दरडावू नका, आपला आवाज ध्वनिक्षेपकात येतोय. सगळ्या सभागृहाला ऐकू गेला. त्यांनाही ऐकू गेला असणार. तरी त्या निघाल्यात. ताट घेतलं त्यांनी. मागे बसलेल्यांनी पाय आवरून वाट द्यावी, त्यांना नीट दिसत नाही.

त्या खांबाशी पोचल्या. काही बोलतायत, मला इथून ऐकू येत नाही. त्या तिच्या केसांवरून हात फिरवतायत. ज्या हातांनी धरलं होतं, त्याच.

कृष्णवेणी उठली. तिने काकींच्या हातून ताट घेतलं. पुढे वाकत नाही ती. कपाळ पुढे करत नाही. कृष्णवेणी, अगं,

तिने काकींना कुंकू लावलं. सभाजनहो, आपण पाहिलंत? लावून घेण्याऐवजी तिने लावलं. सुवासीण सुवासिनीला लावते तसं, आधी हळद, मग कुंकू. आपण जिला विधवा ठरवलंत तिच्या हातचं कुंकू आता अध्यक्षांच्या पत्नीच्या कपाळावर आहे, आणि काकी ते पुसत नाहीत. अध्यक्ष महाराज, छातीवरचा हात काढा. त्या कुंकवाने आपल्याला काहीही होणार नाही. हे मी अनुभवाने सांगतो, माझं तर तेरावं झालं होतं.

आता ती ताट घेऊन पहिल्या रांगेकडे येतेय. मी तिला हे करायला सांगितलेलं नाही, आणि थांबवणारही नाही. चिटणीसांच्या पत्नीपासून सुरुवात होईल. ज्यांना कपाळ पदराने झाकायचं आहे त्यांनी खुशाल झाकावं, तेवढं दिसलं की आमची या गावची ओळख पुरी झाली.

न्यायमूर्ती आणि विशालाक्षीबाई, आपल्याला हा त्रास झाला त्याबद्दल दिलगीर आहे. ज्यांनी सभागृह झाडलं, सतरंज्या घातल्या, स्वयंपाक केला, त्यांचे मनापासून आभार. बाकीच्यांचे रीतीप्रमाणे. अध्यक्षांनी मला इतका वेळ बोलू दिलं ते त्यांना उठता येईना म्हणून, पण आभार त्यांचेही. आणि माझ्या बोलण्यात कोणाला काही लागलं असेल, काही कमी-जास्त झालं असेल, तर मनावर घेऊ नका. मेलेल्या माणसाचं बोलणं म्हणून पोटात घाला. फक्त तिला आता जिवंत धरा.